बायबल मॉड्यूलची झिप बाहेरून नको, आतून बांधा

ओसिस-टू-मॉड ही कमांड ओसिस (बायबल मजकुराचा एक्सएमएल प्रकार) फाइलपासून एकही एरर न देता स्वोर्ड मॉड्यूल, म्हणजे बायबल अ‍ॅपमध्ये उघडणारा मजकुराचा संच, तयार करतं, पण त्याची झिप अ‍ॅपमध्ये टाकली की मॉड्यूल दिसतच नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. घोळ एवढाच होता की झिप बाहेरच्या फोल्डरची केली होती, त्यामुळे आत फोल्डरची एक पायरी जास्तीची.

१. रिकाम्या फोल्डरमध्ये दोनच गोष्टी ठेवा: कॉन्फ फाइल (मॉड्यूलची माहिती देणारी) असलेलं 'मॉड्स.डी' आणि मजकुराचं 'मॉड्यूल्स'. कॉन्फमधला डेटापाथ, म्हणजे मजकूर कुठे आहे ते सांगणारी ओळ, 'मॉड्यूल्स'पासून सुरू होतो ना, बघून घ्या. मराठी मजकूर असेल तर एन्कोडिंगची (अक्षरं साठवायच्या पद्धतीची) यूटीएफ-८ ही ओळ कॉन्फमध्ये हवीच. नाहीतर लॅटिन-१ धरलं जातं आणि अक्षरांचा चिवडा होतो.

२. टर्मिनलमध्ये 'सीडी' कमांडने त्या फोल्डरच्या आत जा आणि तिथूनच 'झिप -आर' चालवा, फक्त या दोन नावांवर. झिप फाइल मात्र एक पायरी वर काढा.

३. 'अनझिप -एल'ने यादी पाहा. प्रत्येक नाव थेट 'मॉड्स.डी' किंवा 'मॉड्यूल्स'ने सुरू झालं की काम फत्ते.

मूळ ओसिस एक्सएमएल फाइल आणि कॉन्फ वेगळी जपून ठेवा. मॉड-टू-ओसिस या उलट्या कमांडने मॉड्यूलमधून परत काढलेली फाइल मुळाबरहुकूम येत नाही.