काचेवर लिपिडचा थर: प्रोटीन टाकण्याआधी तो वाहता आहे ना, हे तपासा

लिपिडचा (पेशीच्या पडद्यातल्या चरबीसारख्या रेणूंचा) दुहेरी थर जेमतेम 4-5 नॅनोमीटर जाड. काचेवरचा न दिसणारा तेलकटपणाही तो बिघडवायला पुरतो, म्हणून सगळा जोर काचेवर द्या. कव्हरस्लिप (सूक्ष्मदर्शकाची पातळ काच) सौम्य डिटर्जंटमध्ये अर्धा तास सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी साफ करा, खळखळून धुवा, नायट्रोजनने वाळवा आणि 15-20 मिनिटं यूव्ही-ओझोनच्या यंत्रात ठेवा. मराठवाड्यात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, वाळलं की पांढुरके डाग सोडतं; शेवटची धुवणी मिलिक्यूनेच, म्हणजे अतिशुद्ध पाण्याने. पाण्याचा थेंब गोल न राहता सपाट पसरला की काच तयार. तासाभरात वापरा.

लिपिडची बाटली उणे 20 अंशांवरून काढल्यावर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दमटपणा शिरतो. लांबलेला लोडशेडिंगचा दिवस असेल तर साठा बर्फात हलवा. लिपिड ज्यात विरघळलेलं असतं ते क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधलं बरंच काही विरघळवून आणतं, त्यामुळे काचेचीच सिरिंज. मे महिन्यात ते भराभर उडतं आणि साठा नकळत घट्ट होतो. झाकण लगेच लावा.

मिश्रणात पीओपीसी (थराचं मुख्य लिपिड) 1 मिलिग्रॅम, प्रोटीन धरून ठेवणारं निकेल-एनटीए लिपिड 28 मायक्रोग्रॅम (सुमारे 2 मोल टक्के), चमकणारं टेक्सास रेड लिपिड 2 मायक्रोग्रॅम. डीपीपीसी हे लिपिड नको: ते 41 अंशांखाली गोठलेलं असतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातही बहुधा नाही वाहणार. नायट्रोजनखाली वाळवा, 2 तास व्हॅक्यूम द्या, 1 मिलिलिटर बफर (20 मिलिमोलर ट्रिस, 150 मिलिमोलर मीठ, पीएच 7.4) घालून हलवा. दोन सिरिंजांच्या मधल्या 100 नॅनोमीटरच्या फिल्टरमधून 21 वेळा ढकला; त्यातून व्हेसिकल, म्हणजे लिपिडचे सूक्ष्म फुगे, बनतात. विषम आकडा अशासाठी की न गाळलेला गाळ पहिल्या सिरिंजमध्येच राहतो.

0.2 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर इतकं पातळ करून 2 मिलिमोलर कॅल्शियमसह काचेवर 20 मिनिटं ठेवा; व्हेसिकल फुटून थर पसरतो. पीबीएस (फॉस्फेटचं बफर) वापरू नका, कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो. मग कॅल्शियमशिवायच्या बफरने दहा वेळा धुवा, पण काच एकदाही कोरडी पडू देऊ नका. हवेचा एक बुडबुडा गेला तरी तिथला थर निघून येतो.

आता फ्रॅप, म्हणजे थर वाहतो का याची चाचणी. 10 मायक्रोमीटर त्रिज्येचा ठिपका ब्लीच करा, म्हणजे तीव्र प्रकाशाने त्याची चमक विझवा. चांगला थर 10-25 सेकंदांत निम्मा भरून येतो. काळा डाग तसाच राहिला तर व्हेसिकल न फुटता नुसते चिकटलेत. नवी काच घ्या, पुढे जाऊ नका.

थर वाहता असेल तर 0.1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बीएसए (उघड्या जागा झाकणारं प्रोटीन), मग 100 नॅनोमोलर चमकणारं हिस-टॅग प्रोटीन (निकेलला धरणारं शेपूट असलेलं) अर्धा तास. ईडीटीए आणि डीटीटी ही रसायनं निकेल बिघडवतात. शेवटी 300 मिलिमोलर इमिडाझोलने (ते निकेलवरून प्रोटीन सोडवतं) धुवा. प्रोटीनची चमक तरीही उरली, तर ते प्रोटीन निकेलला नव्हे, काचेला चिकटलंय.