बीपीची वही: घरी बीपी कसं मोजायचं, ताटातलं मीठ कसं शोधायचं आणि गोळी का सोडायची नाही

अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं बीपी दवाखान्यात १६८/९६ निघालं तेव्हा आम्ही सगळेच हबकलो, कारण माणूस ठणठणीत, रोज सकाळी इंदूरच्या रामबागेतून राजवाड्यापर्यंत पायी जाऊन येणारा, ना डोकं दुखायचं ना चक्कर यायची. मग कळलं की बीपीचं असंच असतं, वर्षानुवर्षं काही जाणवत नाही आणि आतल्या आत मेंदू, हृदय, किडनी, डोळे सगळीकडच्या रक्तवाहिन्यांवर ताण पडत राहतो. त्यामुळे "मला काही त्रास नाही म्हणजे माझं बीपी नॉर्मल" हे आधी डोक्यातून काढून टाका. मोजल्याशिवाय कळत नाही, आणि नीट मोजल्याशिवाय तर अजिबातच कळत नाही.

वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब आणि खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं तेव्हाचा. १२०/८० च्या आत असेल तर छान. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याच्या वर येत राहिलं तर हाय बीपी म्हणतात, आणि घरी मोजताना हीच रेघ १३५/८५ ला धरतात, कारण घरी माणूस निवांत असतो. काहींचं फक्त डॉक्टरांसमोर वाढतं, घरी बरं असतं. काहींचं उलट असतं, दवाखान्यात चांगलं आणि घरी जास्त, आणि हे लोक पटकन सापडत नाहीत. म्हणून घरचं मशीन आणि साधी वही, दोन्ही पाहिजेत.

मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच जास्त येतो. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात काय चाललं होतं सांगते: अण्णा बाजारातून पिशव्या घेऊन आले की लगेच खुर्चीत, पट्टा स्वेटरच्या बाहीवर, पाय एकावर एक, हात खाली लोंबतोय आणि मशीन फुगत असताना शेजारच्यांशी क्रिकेटच्या गप्पा. आकडा १७४! तोच अर्ध्या तासाने नीट बसवून घेतला तर १५२. म्हणजे जास्त होताच, पण बावीसचा फरक नुसता बसण्याचा.

नीट म्हणजे असं. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, सिगरेट, जिना चढणं काही नाही. लघवीला जाऊन या, कारण तुंबलेली लघवीही आकडा वाढवते. पाठ टेकून बसा, दोन्ही तळवे जमिनीवर, हात टेबलावर अशा उंचीवर की पट्टा छातीच्या मधोमध येईल, पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. पाच मिनिटं गप्प बसा, मोबाईल पण नको. मग एक रीडिंग, मिनिटभर थांबून दुसरं, दोन्ही लिहा. सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, आणि रात्री, असं सात दिवस, त्यातला पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. पहिल्यांदा दोन्ही हातांचं घ्या आणि ज्या हाताचं जास्त येतं तोच हात पुढे कायम वापरा, फरक दहाच्या वर येत राहिला तर डॉक्टरांना सांगा. एखाद्या दिवशी एकच आकडा जास्त आला म्हणून रात्रभर जागू नका, डॉक्टर सरासरीच बघतात.

आता मीठ. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. मी घरचा हिशोब काढला तो तुम्ही पण काढाच: आम्ही चौघं, एक किलोचं पाकीट महिन्यात संपायचं, भागाकार केला तर माणशी ८ ग्रॅमच्या वर! आणि यात बाहेरून आणलेली सेव, नमकीन, लोणचं, पापड धरलेलंच नाही. इंदूरच्या माणसाला हे सांगणं अवघड आहे मला माहितीये, पण आपल्या सकाळच्या प्लेटकडे एकदा नीट बघा, पोह्यात मीठ, त्यावर मूठभर सेव, सेवेत मीठ आणि सोडा, वर जीरावन (आपला इंदुरी मसाला) भुरभुरलेलं, त्यात परत काळं मीठ. म्हणजे एकाच प्लेटमधे चार ठिकाणी सोडियम. पोहे सोडा असं मी म्हणत नाही. आम्ही घरी पोह्यात वाटाणे, कांदा, भरपूर लिंबू आणि कोथिंबीर घालतो, आंबट असलं की मीठ कमी आहे हे कळत पण नाही, आणि अण्णा बाहेर खाताना सांगतात, "भैया, सेव-जीरावन अलग से देना", मग चिमूटभरच घेतात. पहिले पंधरा दिवस सगळं अळणी लागतं, नंतर जिभेला सवय होते आणि जुनी सेव खारट लागायला लागते, हे आमच्या घरातल्या चौघांचं झालंय.

पाकिटावर मीठ नाही, सोडियम लिहितात. त्याला अडीचने गुणायचं. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर २ ग्रॅम मीठ झालं. सैंधव आणि काळं मीठ हेही मीठच, त्यामुळे उपासाच्या खिचडीत सैंधव घातलं म्हणून बीपीला ते चालतं असं होत नाही. कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं, बऱ्याच जणांना ते चांगलं, पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यातली बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाला धोका असतो.

पालेभाज्या, डाळी, केळी, ताक (बिनमिठाचं) रोज असू द्या. वजन जास्त असेल तर साधारण एक किलो उतरलं की वरचा आकडा एखादा पॉइंट उतरतो, म्हणजे पाच किलोचा फरक वहीत दिसतो. दारू जितकी कमी तितकं बरं, तंबाखू पूर्ण बंद. चालण्याचं म्हणाल तर अण्णा रोज चालायचे, पण दर दुकानाशी थांबत, नमस्कार चमत्कार करत. आता मेघदूत उपवनात आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास असं चालतात की बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग पाहिजे. रात्री जोरात घोरणं, मधेच श्वास अडकणं असं कोणाचं होत असेल तर तेही तपासून घ्या, त्यानेही बीपी हट्टाने वर राहतं.

आणि दोन चोर आहेत जे कोणी सांगत नाही. गुडघे दुखले की मेडिकलवरून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या, आणि घशासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध. दोन्हींनी बीपी वाढतं. सर्दीच्या काही गोळ्या आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या पण त्यातल्याच.

गोळ्यांबद्दल. पथ्याने भागलं नाही किंवा आकडा सुरुवातीपासूनच जास्त असेल तर डॉक्टर गोळी देतात, आणि बऱ्याच जणांना दोन लागतात, यात हार मानण्यासारखं काही नाही. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागतो, लघवी वाढवणाऱ्या गोळीने सोडियम-पोटॅशियम खाली जाऊ शकतं म्हणून अधूनमधून रक्त तपासतात. त्रास झाला तर सांगा, गोळी बदलता येते. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर आधी सांगाच, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्या तेव्हा चालत नाहीत. एक वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नको. म्हाताऱ्या माणसांचं उभं राहिल्यावरचं बीपी पण मोजा, उठताना गरगरत असेल तर डोस जास्त होत असेल. जेनेरिक गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात, पैशांमुळे गोळी तुटू देऊ नका.

हे मी इतकं जीव तोडून का लिहितेय तर आमच्या काकांमुळे. त्यांचं १२४/८० यायला लागलं, ते म्हणाले आता बरं झालं, आणि कोणाला न विचारता गोळी बंद केली. अहो, ते १२४ गोळीमुळेच होतं ना! तिसऱ्या आठवड्यात सकाळी चहाचा कप हातातून पडला, उचलायला गेले तर उजवा हात उठेना आणि बोलणं जड झालं.

तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लटका पडणं, बोबडं बोलणं, छातीत दुखणं, दम लागणं, अचानक दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं तर बीपी मोजत बसू नका, सरळ १०८ ला फोन करा. काही त्रास नसताना १८०/१२० च्या वर आलं तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा, तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मनाने जास्तीची गोळी देऊ नका, जिभेखाली तर नकोच, दाब एकदम कोसळला तर मेंदूला रक्त कमी पडतं. पॅरालिसिसमधे मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन बहुतेक वेळा साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून सुरुवात कधी झाली ती वेळ लिहून ठेवा. काकूंनी काकांच्या बीपीच्या वहीतच शेवटच्या रीडिंगखाली लिहिलं होतं, "७:२० कप पडला", आणि हॉस्पिटलमधे पहिला प्रश्न तोच विचारला.