कचऱ्यावरचा पॉडकास्ट: माइक नंतर घ्या, आधी लेख मिटून ठेवा

पॉडकास्ट काढायचाय म्हटलं की जो तो माइकचा सल्ला देतो. ओल्या कचऱ्याचं खत, गच्चीवरची बाग, बायोएन्झाइम (साली गूळपाण्यात आंबवून केलेलं साफसफाईचं पाणी) यांवर मी बरीच वर्षं लेख लिहिले आणि मग बोलायला लागले. आत्तापर्यंत माइकमुळे माझा एकही भाग फसलेला नाही. फसले ते सगळे मी लेख समोर धरून वाचला म्हणून. त्या दुखण्याकडे येतेच, आधी सोपं उरकून टाकू.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. तो एअरप्लेन मोडवर टाका आणि तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला धरा, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चे फटके बसत नाहीत. पंखा बंद करा. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, आवाज घुमायचा थांबतो. माइक हवाच असेल तर कुणाकडे पडून असलेला कॉलर माइक मागून आणा. कचरा कमी करा सांगायला थर्माकोलात गुंडाळलेला नवा माइक मागवायचा, हे मला तरी जमत नाही.

संकलनाला, म्हणजे कापाकापीला, ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर घ्या, मोफत आहे. खोकला आणि लांबलेल्या जागा कापा, श्वास कापत बसू नका. शेवटी आवाजाची पातळी उणे 16 एलयूएफएसला (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आणून ठेवा. मुखचित्र चौरस हवं, 3000 बाय 3000 पिक्सेल. फाइल स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स या सेवेवर फुकट चढते. तिथून मिळणारा आरएसएस फीडचा दुवा (नवे भाग इतर अ‍ॅपना आपोआप पोचवणारा पत्ता) अ‍ॅपलकडे एकदाच नोंदवायचा. गूगल पॉडकास्ट्सवर नोंदणी करा असं कुणी सांगत असेल तर पुढचं वाचू नका, ते 2024 मध्येच बंद झालंय.

आता मुख्य अडचण.

माझ्या पहिल्या भागातलं एक वाक्य असं होतं: 'ओल्या व सुक्या घटकांचे योग्य प्रमाण राखल्यास सूक्ष्मजीवांना आवश्यक असणारा कर्ब व नत्र उपलब्ध होतो.' अगदी स्पष्ट उच्चारात वाचलं होतं. भाग साताऱ्याच्या आत्याला पाठवला. ती म्हणाली, "आवाज छानच लागलाय गं, पण बातम्या लावल्यासारखं वाटलं. ते कर्ब-नत्र आलं आणि माझं सगळं लक्ष मेथीकडे गेलं." ती मेथी निवडत ऐकत होती.

वाचणारा माणूस अडला तर दोन ओळी मागे जातो. ऐकणाऱ्याचे हात कणकेत असतात, तो कुठला मागे जातोय! शिवाय लेखात खताचा ओलावा दाखवायला मी फोटो टाकायचे, तो इथे नाही. म्हणून लेख मिटायचा आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त पाच शब्द लिहायचे. खताच्या भागाला माझे होते: बादली, भोकं, पाला, मूठ, वास. मग आत्याला फोन लावायचा आणि दुसऱ्या यंत्रावर आपल्या बाजूचं बोलणं टिपायचं. पुन्हा केलेला तोच भाग असा झाला:

"वाटीभर देठं टाकलीस ना, आता त्यावर दोन वाट्या सुका पाला, चुरून. आता आत हात घाल. घाण वाटली तर वाटू दे. मूठ भरून दाब. बोटांच्या फटीत एखादा थेंब दिसला की झालं. पाणी ओघळलं तर आणखी पाला घाल. मूठ उघडल्यावर भुरभुर सांडलं तर पाणी शिंपड. वास पावसानंतरच्या मातीसारखा हवा. सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा जात नाहीये, ढवळ."

कर्बही नाही, नत्रही नाही, आणि खत मात्र होतं. घरात आपण 'टाकायचं' म्हणतो, मग माइकसमोर 'टाकण्यात यावे' कशाला?

आकडे हा दुसरा खड्डा. बायोएन्झाइमचं 1:3:10 हे प्रमाण कागदावर सुटसुटीत दिसतं, कानाला काहीच कळत नाही. '100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली, 1 लिटर पाणी' हे सावकाश दोनदा म्हणा आणि भागाच्या वर्णनात लिहूनही ठेवा. तीन महिने लागतात, हे सांगताना मी म्हणते, पाडव्याला भरलेली बाटली आषाढीपर्यंत तयार. (मध्ये अधिक महिना आला तर हिशेब चुकतो, तेवढं बघा.) एका भागात याहून जास्त आकडे कोंबू नका.

त्या बाटलीत पहिला महिनाभर गॅस साठतो, रोज झाकण सैल करावं लागतं. हे मी आधी दोन मिनिटं समजावत होते. मग एक दिवस फोन बाटलीशेजारी ठेवून झाकण फिरवलं. फस्स! तीन सेकंदांत काम झालं. बाटली प्लास्टिकचीच घ्या आणि वरची थोडी जागा रिकामी ठेवा. माझी काचेची फुटली तेव्हा गुळाचं पाणी छतापर्यंत उडालं होतं. आवाज वापरायचा तो असा, कामाचा. सुरुवातीला बासरी आणि पाखरांचा किलबिलाट घालायचा मोह मात्र आवरा. हरित म्हटलं की सगळे तेच लावतात.

लेख सोडला की माणूस उलट्या टोकाला जाऊन नुसता गप्पा मारत सुटतो, हेही मी केलंय. 'नमस्कार मंडळी, कसे आहात, मजेत ना' यात दीड मिनिट गेलं की ऐकणाराही गेला. थेट बादलीपासून सुरुवात करा.

पाहुण्यांनाही हाच नियम. पुण्यात कचरावेचकांशी बोलायला गेले तेव्हा आधी 'प्लास्टिक प्रदूषणाबद्दल काय सांगाल?' असं विचारलं आणि भाषण ऐकून परत आले. पुढच्या वेळी वेफर्सचं रिकामं पाकीट हातात देऊन विचारलं, "हे कितीला जातं?" मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "हे कोण घेतंय!" तिथून पुढे वीस मिनिटं मला प्रश्नच विचारावा लागला नाही. जायचं तर त्यांच्या कामाच्या जागी जा, आणि त्यांची तेवढी मजुरी बुडते ती द्या.

पहिला भाग चढवण्याआधी तीन भाग तयार ठेवा. पंधरवड्याला एक पुरे.

चढवण्यापूर्वी भाग काम करत ऐकणाऱ्या एका माणसाला पाठवा. 'कसा वाटला' विचारू नका, सगळे छानच म्हणतात. लक्ष कुठं उडालं ते विचारा आणि तेवढा तुकडा पुन्हा बोला.