जर्मन चित्रकार आणि युद्ध: अभ्यासाची सुरुवात छापचित्रांपासून करा

कलेचा इतिहास शिकायला जर्मनीत येणारी आपल्याकडची मुलं मला हमखास विचारतात, की युद्ध आणि जर्मन चित्रकार हा एवढा मोठा विषय, त्याला हात कुठून घालायचा? माझं उत्तर ठरलेलं आहे. मोठी तैलचित्रं थोडी थांबू शकतात, आधी छापचित्रं बघा, म्हणजे धातू, लाकूड किंवा दगडावर काढून कागदावर छापलेली चित्रं. युद्धामुळे चित्रांचे विषय बदलले हे कुणालाही दिसतं. पण चित्रकाराची काम करायची पद्धतच कशी बदलली, ते छापांमध्ये कळतं.

चित्रकार ओटो डिक्स पहिल्या महायुद्धात मशीनगन चालवत होता, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईतही होता. खंदकात त्याने शेकडो रेखाटनं केली. ती बघून मी चकित झाले होते, कारण त्यांत वेग आहे, स्फोटांचे कोन आहेत, जवळजवळ उत्साह आहे. ज्या भीषण प्रतिमांमुळे आपण त्याला ओळखतो, तो ५० एचिंगचा (धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडने रेषा कोरून घेतलेल्या छापांचा) ‘युद्ध’ हा संच आला १९२४ साली, म्हणजे युद्ध संपून सहा वर्षं झाल्यावर. म्हणून वहीत दोन तारखा शेजारी शेजारी लिहायची सवय लावा: चित्रकार आघाडीवर कधी होता, आणि चित्र कधी झालं. मधल्या काळात त्याने काय पाहिलं, तेही शोधा. डिक्सने स्पॅनिश चित्रकार गोयाची युद्धचित्रं अभ्यासली होती, इटलीतल्या पालेर्मोमधल्या मठाच्या तळघरातल्या ममी रेखाटल्या होत्या. मग छापाकडे वळा. अ‍ॅसिडने प्लेट इतकी खाल्लेली आहे, की मांस कुठे संपतं आणि चिखल कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. एचिंग स्वतः केलेल्यांना हे चटकन उमगेल. बाकीच्यांनी एखाद्या कार्यशाळेत निदान एक प्लेट करून बघावी, असं मी आग्रहाने सांगते.

केटे कोलवित्स या चित्रकर्तीपाशी मात्र घाई करू नका. तिचा धाकटा मुलगा पेटर स्वेच्छेने सैन्यात गेला. तो सज्ञान नव्हता, वडिलांचा विरोध होता, आणि त्यांचं मन वळवलं ते तिनेच. ऑक्टोबर १९१४ मध्ये तो बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये मारला गेला. त्यानंतर युद्धावर चित्रं करायला तिने एचिंग करून पाहिलं, लिथोग्राफ (दगडावर काढून घेतलेला छाप) करून पाहिला, पण समाधान होईना. १९२० मध्ये बर्लिनच्या एका प्रदर्शनात जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाखचे वुडकट, म्हणजे लाकूड कोरून घेतलेले छाप, पाहिले आणि ती लाकडाकडे वळली. तिचा सात वुडकटचा संच बघताना तपशील किती गळून गेलाय ते पाहा. उरलेत फक्त चेहरे, हात आणि काळोख. ‘स्वयंसेवक’ या छापात मृत्यू ढोल वाजवत पुढे चाललाय आणि त्याच्या अगदी शेजारी पेटर आहे. पेटरच्या स्मारकाची कल्पना तिने १९१४ मध्येच डायरीत लिहिली होती. शोकमग्न आईवडिलांची ती शिल्पं बेल्जियममधल्या दफनभूमीत उभी राहिली १९३२ मध्ये. तिची डायरी मूळ जर्मनमध्ये वाचण्याइतकी भाषा नक्की शिका. ती साधं, थेट लिहिते.

हे छाप बर्लिन आणि ड्रेस्डेनच्या छापचित्र संग्रहांच्या अभ्यासिकेत बसून बघता येतात. आधी कळवून वेळ घ्यायची, सोबत पेन्सिल न्यायची, पेन नाही. पुस्तकातलं छायाचित्र आणि समोरचा कागद यांत फार अंतर असतं.

एक काळजी घ्या. सगळ्यांना सरसकट ‘युद्धविरोधी’ म्हणू नका. चित्रकार फ्रान्झ मार्कला सुरुवातीला युद्ध म्हणजे युरोपची शुद्धी वाटत होती. १९१६ मध्ये तो फ्रान्समधल्या व्हर्दँला मारला गेला. चित्रकार किर्शनरने १९१५ मध्ये स्वतःला मनगटापासून हात तुटलेला सैनिक म्हणून रंगवलं, प्रत्यक्षात त्याचे दोन्ही हात शाबूत होते. अशा चित्रांवर एका शब्दाचं लेबल लावलं की अभ्यास तिथेच थांबतो.

डिक्सचं ड्रेस्डेनमधलं ‘युद्ध’ हे १९२९ ते १९३२ मधलं चित्र यानंतर बघा. लाकडी फळ्यांवर, जुन्या चर्चमधल्या वेदीचित्राच्या मांडणीत त्याने खंदक रंगवलाय. पूर्ण झाल्यावर वर्षभरातच नाझींनी त्याला अध्यापनातून काढलं. मग दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढीकडे या. चित्रकार गेरहार्ड रिख्टरने १९६५ मध्ये सैनिकी गणवेशातला मामा रंगवला, आणि त्याच वर्षी नाझींच्या ‘दयामरण’ मोहिमेत (आजारी आणि अपंगांना ठार मारण्याच्या) मारली गेलेली मावशीही. दोन्ही चित्रं घरच्या फोटोंवरून केलेली आणि मुद्दाम धूसर ठेवलेली आहेत. प्रबंधाला विषय शोधत असाल, तर ही दोन चित्रं एकत्र घेऊन बसा.