विदर्भात ट्रेकला निघताना सामानाच्या या चुका टाळा

ट्रेकला काय न्यावं याची यादी शोधायला बसलं की पुण्या-मुंबईकडच्या गडांची यादी हाती लागते, नाहीतर हिमालयाची. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच. पण नरनाळा, गाविलगड किंवा अंबागड चढायचा असेल, लोणारच्या विवरात उतरायचं असेल, तर त्या यादीतल्या निम्म्या वस्तू नुसतं ओझं होतात आणि जी वस्तू खरी लागते ती यादीत नसतेच. इकडे ऊन, काटा, कुसळ आणि काळी माती हे चौघे माणसाला जेरीस आणतात. सामान घ्यायचं ते या चौघांकडे बघून.

तंबू आधी, बूट नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नवा छंद लागला की पहिल्या महिन्यात तंबू येतो, फोल्डिंग खुर्ची येते, गॅसची शेगडी येते, आणि पायात मात्र कॉलेजचे जुने स्पोर्ट्स शूज. नरनाळा आणि गाविलगड दोन्ही मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत आहेत. देशात १९७३-७४ मध्ये जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांतला हा एक. तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, चूल पेटवता येत नाही आणि सूर्य मावळल्यावर रेंगाळताही येत नाही. नरनाळ्याला शहानूरच्या गेटवर नोंद करूनच आत जायचं. तेव्हा पैसे आधी बुटात, मग पाण्याच्या सोयीत, मग डोक्यावरच्या टॉर्चमध्ये घाला. तंबूचं पुढे बघता येईल, नाहीतर मित्राचा मागून आणा.

बूट: दुकानातली फरशी आणि वावरातली वाट

दुकानदार बूट हातात देताना दोन गोष्टी हमखास सांगतो: वॉटरप्रूफ आहे आणि सोलला खोल दात आहेत. दोन्ही ऐकायला छान.

वॉटरप्रूफचं आधी बघू. बुटात पाणी कापडातून शिरतं त्यापेक्षा जास्त वरून, घोट्याच्या बाजूने शिरतं. श्रावणात गुडघाभर ओल्या गवतातून चाललात की पँट भिजते, पँटवरून पाणी मोज्यात आणि मोज्यातून बुटात. एकदा आत गेलेलं पाणी वॉटरप्रूफ बूट बाहेर सोडत नाही. दिवसभर पाय त्यातच भिजतो, कातडी पांढरी पडते आणि संध्याकाळी फोड येतात. उन्हाळ्यात तोच बूट पाय उकडून काढतो. आपल्याकडच्या हवेत जाळीदार कापडाचा, लवकर वाळणारा बूट बहुतेकांना पुरतो. बर्फात जायचं असेल तेव्हा वॉटरप्रूफचा विचार करा.

आता दात. काळी माती पावसात चिकट होते हे इथल्या माणसाला सांगायला नको. गडाच्या पायथ्याशी जाणारी वाट बऱ्याचदा वावरातून जाते. दात खोल आणि एकमेकांना खेटून असतील तर दहा पावलांत त्यांच्या फटी बुजतात, पंधरा-वीस पावलांत बुटाखाली मातीची दुसरी टाच तयार होते आणि एकेक पाय किलोभर जड होतो. त्याहून वाईट पुढे होतं. वावर संपून ओला, शेवाळलेला काळा दगड लागतो आणि सोलच्या दातांपर्यंत दगड पोचतच नाही, मध्ये मातीचा थर. माणूस आडवा होतो तो इथेच. दात मध्यम खोल आणि विरळ हवेत. खडक सुरू होण्याआधी थांबून काडीने सोल खरवडायचा. वाटाड्या ओरडतोच, "भाऊ, आंधी जोडे झाडा, मंग चढा." त्याचं ऐकावं.

तिसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, कारण दुकानात बाभूळ नसते. हल्ली पळायला म्हणून मिळणारे हलके बूट जाड, मऊ फोमचे असतात. चालायला सुख वाटतं. पण बाभळीचा वाळका काटा त्या फोममधून थेट तळव्यात येतो. हिवराचे आणि बोरीचे काटेही तसलेच. बूट घेताना सोलच्या मधोमध अंगठा जोरात दाबून पाहा. अंगठा रुतला तर काटाही रुतणार. खाली कडक रबराचा सलग थर हवा, किंवा मध्ये टणक पट्टी असलेलं मॉडेल हवं. काटा टोचल्यावर नुसता पायातला काढून भागत नाही. बूट काढून आतली गादी उचला आणि बोटाने चाचपा. तुटलेलं टोक आत राहिलं असेल तर ते दर पावलाला पुन्हा टोचतं.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. ट्रेकचेच मोजे घालून घ्या. सगळ्यात लांब बोट आणि बुटाचं टोक यांत अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. उतारावर बोटं पुढे आपटत असतील तर नवा बूट घेण्याआधी लेस बदलून बांधा: सगळ्यात वरच्या दोन भोकांत लेसचा छोटा फास करायचा, समोरच्या बाजूची लेस त्यातून ओवायची आणि ताणून गाठ मारायची. टाच मागे घट्ट बसते. आणि नखं कापून जा. नखं काळी-निळी पडतात तेव्हा अर्धा दोष नखांचाच असतो.

कुसळ, खाजकुइली आणि अंगावरचे कपडे

दसऱ्यानंतर फेब्रुवारीपर्यंत इकडचा खरा मोसम. (इंग्रज सेनापती वेलस्लीने मराठ्यांकडून गाविलगड घेतला तोही १५ डिसेंबर १८०३ ला. ऋतू निवडायला माणूस चुकला नव्हता.) पण याच दिवसांत गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. जाड विणीचे लोकरी किंवा टॉवेलसारखे सुती मोजे घालून त्या गवतात शिरलात की कुसळ मोज्यात टोक घालते आणि प्रत्येक पावलाला आत सरकत जाते. ओढून काढायला गेलं की मागचं शेपूट हातात येतं, टोक आतच. मोजे बारीक विणीचे, गुळगुळीत नायलॉनचे घ्या आणि बुटाचं तोंड झाकणारे गेटर्स वापरा. नसतील तर जुन्या जीन्सचा पाय कापून घोट्याभोवती बांधा, काम तेच होतं. वेलक्रो असलेली पाऊच, टोपी, गेटर्स टाळलेली बरी. वेलक्रोत एकदा कुसळं भरली की ती चिकटायची बंद होते, आणि टाचणी घेऊन एकेक काढत बसावं लागतं.

हाफ पँट फोटोत चांगली दिसते. जंगलात खाजकुइलीच्या शेंगा पिकल्या की त्यांची लव नुसत्या वाऱ्यानेही अंगावर येते. लागली तर चोळू नका आणि हात दुसरीकडे लावू नका. चिकटपट्टी त्या जागी दाबून उचला, लव तिच्याबरोबर निघते. कपडे बदला, मग धुवा. चिकटपट्टीचा छोटा रोल याच्यासाठी, फोडासाठी आणि फाटलेल्या रेनकोटासाठीही कामी येतो, म्हणून तो खिशात असावाच.

लांब पँटचं आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत गवतात झुडपात बारीक किडे चावून स्क्रब टायफसचा ताप येतो. विदर्भातल्या डॉक्टरांना तो नवा नाही. ट्रेकनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर गवतात फिरून आलो हे डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि अंगावर कुठे काळी खपली दिसते का ते बघा. कीटक पळवणारं क्रीम लावत असाल तर त्यात डीईईटी (DEET) हे रसायन आहे का ते वाचा. असेल तर क्रीमचे हात पुसल्याशिवाय चष्म्याला, घड्याळाला किंवा रेनकोटाला लावू नका, काही प्लॅस्टिक आणि कापड ते विरघळवतं.

अत्तर, डिओ मारून गडावर जाणं ही वेगळीच हौस. कड्यांवर आणि पडक्या दरवाजांच्या कमानींत आग्या मोहोळं असतात. वास आणि धूर दोन्हीने माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. तोंड दुपट्ट्यात झाका आणि लांब पळा.

पाणी: बाटली की नळीची पिशवी

पाठीवरच्या पिशवीतून नळीने पाणी पिणं सोयीचं, पण तिची खोड अशी की किती उरलं ते दिसत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंश ही बातमीसुद्धा होत नाही. अशा उन्हात चढावर पाणी अर्ध्यात संपलं तर चेष्टा नाही. निदान एक बाटली वेगळी, न उघडलेली ठेवा आणि ती परतीची समजा. थंडीत अर्ध्या दिवसाला दोन लिटर, ऊन चढलं की तीन-चार. होळीनंतर तर पहाटे निघून दहाच्या आत खाली या. खिशात कांदा ठेवणारे ठेवोत, पण कांदा पाण्याची जागा घेत नाही.

नुसतं पाणी पिऊन पायात गोळे येतात, कारण घामातून मीठ गेलेलं असतं. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. पाणी थंड हवं असेल तर महागड्या बाटलीआधी छागल, म्हणजे पाण्याची जाड कापडी पिशवी, आठवा. कापडातून पाझरणारं पाणी वाफ होताना उरलेलं गार करतं. साध्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळून सावलीच्या बाजूला टांगली तरी फरक पडतो. गडावरच्या तळ्याचं पाणी डोळ्याला कितीही निवळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. आधी कापडातून गाळा, मग क्लोरीनची गोळी, मग अर्धा तास धीर.

पाठीवरची बॅग

दिवसभराच्या ट्रेकला वीस ते तीस लिटर भरपूर. साठ लिटरची घेतली की ती भरावीशी वाटते. मग खाली कोणीतरी विचारतंच, "एवढं ओझं कायले आनलं?" कमरेचा पट्टा शोभेचा नाही, आधी तो कमरेच्या हाडावर घट्ट बांधा आणि खांद्याचे पट्टे नंतर ओढा. खांदे दुखत असतील तर बहुतेक वेळा हा क्रम उलटा झालेला असतो. पावसाचं कव्हर पाठीच्या बाजूने उघडंच असतं आणि पाणी तिथूनच येतं, म्हणून आतून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी लावा आणि सामान त्यात भरा.

कानात इयरफोन घालून चालू नका. मेळघाटात अस्वलं आहेत. मोहफुलं पडायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलच्या पहाटे, ती झाडाखाली खाण्यात गुंग असतात. माणूस अचानक पुढ्यात आला की पळण्याऐवजी अंगावर येतात. आपसात साधं बोलत चाललं की त्यांना आधीच कळतं. ब्लूटूथ स्पीकर मात्र घरी ठेवा.

साप हा विषय थोडक्यात: उजेड आणि काठी. अंधारात मोबाइलचा टॉर्च हातात धरून चालणाऱ्याचा दुसरा हातच उरत नाही. डोक्याला बांधायचा टॉर्च घ्या आणि जादा सेल ठेवा. दंश झालाच तर दोरी आवळू नका, ब्लेड चालवू नका. पाय हलवू न देता उचलून दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. फोन लागण्याचीच मारामार असते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या. मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं, आणि रेंज शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात विजांचा धोका मोठा. निघण्यापूर्वी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजांचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप बघा. ढग गडगडला की बुरुजावरून आणि एकट्या झाडाखालून हटा.

वाटेत बिघडलं तर

*बुटाचा सोल सुटला.* माळ्यावर तीन-चार वर्षं पडून राहिलेले बूट बाहेरून नवे दिसतात, पण दमट हवेने सोलमधलं पॉलीयुरेथिन आतून कुजतं आणि पहिल्याच चढावर सोल भुगा होऊन निघतो. निघण्याच्या आठवडाभर आधी ते घालून गावात तासभर चाला. वाटेत सुटलाच तर सायकलच्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी सोलखालून घेऊन बुटावर आडवी-तिडवी ताणून बांधा. दोरी दगडाला घासून तुटते, ट्यूब टिकते आणि दगडाला धरतेही. गोंद न लावता घरी आणा, गावातल्या चांभाराकडून कडेने शिवून घ्या.

*रेनकोट आतून चिकट झाला, पापुद्रे निघतात.* त्याचा आतला थर मेला, तो दुरुस्त होत नाही. पण बाहेरून कापड नुसतं पाणी पिऊ लागलं असेल तर तो धुऊन, वाळवून, लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवा. थेंब पुन्हा ओघळू लागतात.

*चालायची काठी आत सरकते.* पिळून बसवायच्या काठीत धूळ गेलेली असते. भाग वेगळे करा, कोरड्या फडक्याने पुसा, तेल अजिबात लावू नका. खरं सांगायचं तर या भागात बांबूची काठी स्वस्त, मजबूत आणि कुठेही मिळणारी आहे.

*स्लीपिंग बॅगेत थंडी वाजते.* चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर आहे, खाली परतवाड्यात स्वेटर पुरला तरी वर पहाटे पारा एक आकडी होतो. बॅगेवर तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं 'कम्फर्ट' तेवढं आपलं, 'एक्स्ट्रीम' म्हणजे कसाबसा जीव वाचेल इतकंच. थंडी बऱ्याचदा खालून येते, म्हणून खाली सतरंजी किंवा चटई वाढवा.

घरी आल्यावर ओले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते दोनदा बदला. नळीच्या पिशवीत बुरशी धरते, ती धुऊन तोंड उघडं ठेवून वाळवा. बॅगेचे सगळे कप्पे झटका आणि चेन उघड्या ठेवा. शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा कोपऱ्यात राहिला तर पुढच्या ट्रेकआधी उंदीर नवी चेन पाडून ठेवतो.