सीडी-डीव्हीडीवर डिझाइन बरोबर बसवायचं असेल तर माप मिलिमीटरमध्येच घ्या

लग्नाच्या शूटिंगची डीव्हीडी असो की गावातल्या सप्ताहातल्या कीर्तनाची, आपल्या मराठवाड्यात अजूनही डिस्क मागणारे लोक आहेत, अल्बमसोबत पेटीत ठेवायला बरी पडते म्हणतात. आणि मग त्याच डिस्कवर नवरा-नवरीचं नाव काठाला कापलेलं नाहीतर मधल्या भोकात अर्धं गेलेलं दिसलं की लय वाईट वाटतं, कारण ती वस्तू त्या घरात वर्षानुवर्षं राहणार असते. डिझाइन चांगलं असतं बगा, फक्त अंदाजानं गोल काढलेला असतो.

सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे, तिन्हीचा बाहेरचा व्यास १२० मिमी आणि भोक १५ मिमी, हे ठरलेलं आहे. छापायची जागा मात्र प्रत्येक डिस्कची वेगळी. प्रिंटेबल डिस्कमध्ये (जिच्या पांढऱ्या कोटिंगवर थेट छापता येतं) काहींचा पांढरा भाग पार भोकाजवळ, साधारण २२ मिमीपर्यंत येतो, काहींची मधली चाळीस मिमीपेक्षा मोठी रिंग मोकळी असते, आणि पांढऱ्या भागाचा बाहेरचा व्यास ११८ नाहीतर ११६ मिमी. म्हणून पाकीट फोडलं की पहिलं एक डिस्क घ्या, पट्टी लावून पांढऱ्या भागाचा आतला-बाहेरचा व्यास मोजा आणि लिहून ठेवा. पांढऱ्या कोटिंगच्या बाहेर उघड्या प्लास्टिकवर शाई गेली तर ती धड वाळत नाही, हात लावला की पसरते.

आता फोटोशॉप असो की गिंप, नवीन फाईल घेताना एकक मिलिमीटर निवडा, रुंदी १२०, उंची १२०, रिझोल्यूशन ३०० पिक्सेल प्रति इंच. पिक्सेलमध्ये हे १४१७ बाय १४१७ येतं. आधीच बनवलेलं ७२ रिझोल्यूशनचं डिझाइन ताणून ३०० करू नका, आकडा वाढतो पण अक्षरं धूसरच राहतात. आडवी आणि उभी गाईड (मदतीची रेषा, ती छापली जात नाही) ६० मिमीवर टाका, तो झाला मध्य.

गोल काढायला सोपा हिशोब आहे. १२० मधून व्यास वजा करा आणि निम्मे करा, डावीकडून आणि वरून तेवढ्या अंतरावर गोलाभोवतीच्या चौकटीचा वरचा-डावा कोपरा ठेवायचा. म्हणजे ११८ चा गोल १ मिमीवरून सुरू होतो, २२ चा ४९ वरून, ४६ चा ३७ वरून. गिंपमध्ये लंबवर्तुळ सिलेक्शनच्या टूल ऑप्शनमध्ये जागा आणि माप हे आकडे सरळ टाइप करता येतात, माऊसनं ओढत बसू नका. बाहेरच्या गोलातून आतला वजा केला की रिंग तयार होते, मग सिलेक्शन उलटं करा आणि सगळ्यात वरच्या लेअरवर पांढरा रंग भरा. खालचा फोटो कापायचा नाही, तो पूर्ण चौकोन भरून राहू द्या, वरचा पांढरा लेअर झाकायचं काम करतो आणि उद्या दुसऱ्या मापाची डिस्क आली तर तेवढाच लेअर बदलायचा.

खरी कसरत नावाची. काठापासून थोडं आत राहायचं म्हणून मी ११० मिमीचा सुरक्षित गोल धरतो. त्यात मध्यापासून ३० मिमी वर गेलं तर आडवी जागा ९२ मिमी मिळते, ४० वर ७५, आणि ५० वर फक्त ४५ च्या आसपास. म्हणजे सगळ्यात लांब ओळ भोकाच्या जवळ आणि छोटी ओळ काठाकडं, उलटं केलं की नाव कापलं जाणार. अक्षराचा वरचा कोपरा गोलाच्या आत बसतो का ते बघा, बेसलाइन (ओळीची खालची रेषा) बघून चालत नाही, वेलांटी-रफार वर जातात. आणि मराठी नाव गोलाकार वळवू नका असं माझं स्पष्ट मत आहे, शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी मोडते आणि नाव तुटकं दिसतं. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर वर्ल्ड-रेडी लेआउट ही सेटिंग चालू करा.

प्रिंट काढताना शंभर टक्के स्केल ठेवा, 'फिट टू पेज' बंद, कारण तो टिक राहिला तर आतापर्यंतची सगळी मापं वाया. डिस्कच्या ट्रेवाल्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये आतला-बाहेरचा व्यास वेगळा टाकावा लागतो, तिथं तुम्ही मोजलेलाच आकडा टाका. पहिली प्रिंट साध्या कागदावर घ्या, बाहेरचा गोल पट्टीनं मोजा, ११८ चा ११८ भरला पाहिजे, मग त्यावर डिस्क ठेवा आणि उजेडाला धरून भोकाभोवतीचा मधला भाग बघा. ट्रेमधल्या डिस्कवर छापल्यावर एका बाजूला सरकलेलं असेल तर सेटिंगमधली पोझिशन एक-दीड मिमी हलवा, डिझाइनला हात लावू नका.

फाईल दुसऱ्याकडं छापायला द्यायची असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो आकार कमी करतो, डॉक्युमेंट म्हणून पीएनजी पाठवा आणि सोबत १२० मिमी, शंभर टक्के असं लिहा. छापलेली डिस्क रात्रभर उघडी वाळू द्या, मगच कव्हरात घाला.