बियांपासून गुलमोहर

सिडकोत आमच्या घरामागच्या मैदानालगत जुना गुलमोहर आहे. उन्हाळा लागला की त्याखाली काळ्या शेंगा पडतात, हातभर लांब, लाकडासारख्या कडक. हलवून बघायच्या, खुळखुळली तीच उचलायची. मी बत्त्याने फोडते. आत आडव्या खाचांत एकेक बी निजलेली असते, खारकेच्या बीसारखी लांबट.

पहिल्या वर्षी मी वीस बिया तशाच पेरल्या. महिनाभर पाणी घातलं, उगवल्या दोन. झाड मूळचं मादागास्कर बेटावरचं, तेही तिथल्या कोरड्या, पानगळीच्या जंगलातलं. तिथे कित्येक महिने पाऊस नसतो. अवेळी आलेल्या एका सरीवर बी उगवली तर रोप वाळून जाईल, म्हणून टरफल सहजासहजी पाणी आत घेतच नाही. ते आपण उघडायचं.

बीच्या एका टोकाला बारीक डोळा असतो. मूळ तिथूनच निघतं, त्या बाजूला हात लावू नका. दुसरं टोक पॉलिश पेपरवर घासा आणि आतला फिकट रंग दिसला की लगेच थांबा. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी चांगली टरारून फुगलेली दिसते. नाही फुगली तर पुन्हा घासायची.

पिशवीत माती, शेणखत आणि वाळू. नुसती काळी माती नको, पाणी धरून बसते. बी पेरभर खोल. जूनमध्ये पेरा; आठ-दहा दिवसांत कोंब वर येतो. पहिला हिवाळा मात्र जपायचा. निफाडला पारा घसरला की आमच्याकडेही रात्री बोचतं; मी रोपांवर गोणपाट टाकते. जमिनीत पुढच्या पावसाळ्यात.

जागा निवडताना माझी चूक करू नका. आधीच्या घरी कुंपणापासून चार फुटांवर लावला होता. याची मुळं वरवर पसरतात. नवव्या वर्षी भिंत तडकली, झाड तोडावं लागलं, आणि त्याच मे महिन्यात तो पहिल्यांदा फुलला होता. मी दोन दिवस जेवले नाही. भिंतीपासून तीस फूट तरी सोडा, वर तारा नकोत. लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात.

फुलायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, कधी दहा. पहिलं फूल हातात घेऊन बघा: चार पाकळ्या लाल आणि पाचवी उभी, पांढरट-पिवळी, लाल ठिपक्यांची. लहानपणी आम्ही ती चघळायचो, आंबटसर लागते.